सोडून आलेला ट्रेलर : मोर्शी तालुक्यात जुनी शिडाची बोट घेण्याचं एक प्रकरण

मोर्शीहून सिंभोऱ्याकडे निघालं की संत्र्याच्या बागा संपता संपता एकदम पाणी दिसतं. अप्पर वर्धा धरण. कागदावर नाव नल-दमयंती सागर, आमच्या तोंडी नुसतं ‘धरण’. पूर्ण भरलं की पातळी ३४२.५० मीटर, उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर. अमरावती शहर हेच पाणी पितं. आमच्याकडचा माणूस या पाण्याकडे पंप, पाइप, मासोळी किंवा ‘दरवाजे उघडले का?’ एवढ्याच नजरेनं पाहतो. त्यावर शीड कोणी पाहिलेलं नव्हतं.

ज्यांनी ते आणलं ते माझे मित्र. संत्रा बागायतदार, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांना मी इथे भाऊच म्हणतो. नागपुरात शिकताना ते एनसीसीच्या नौदल शाखेत होते आणि अंबाझरी तलावावर दोन हिवाळे शिडाची दोरी त्यांच्या हातात होती. तेवढ्या भांडवलावर माणूस वीस वर्षं स्वप्न पाहू शकतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. मला लोखंड कळतं, पाणी कळत नाही. पुढे जे चुकलं ते बरंचसं याच वाक्यात आहे.

बोट केवढ्याला पडली, हे मला लोक सारखं विचारतात. आकडा सांगतो, पण तो सगळ्यात कमी उपयोगाचा आहे.

काय हवं होतं

भाऊंच्या अटी तीन होत्या. दोन माणसांची बोट, मोटर नको, आणि चार माणसांनी उचलून बाहेर काढता आली पाहिजे. तिसरी अट वहिनींमुळे आली. १४ सप्टेंबर २०२१ ला शेजारच्या वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. त्या दिवशीपासून आमच्या भागात ‘नाव’ हा शब्द घरात सहज उच्चारता येत नाही. वहिनींनी सरळ सांगितलं, बोट पाण्यात उभी राहणार नाही, काम झालं की घरी येईल, आणि बोटीच्या आधी जॅकेट येतील. त्याप्रमाणे तीन लाइफ जॅकेट आधी आली आणि महिनाभर खुंटीवर टांगून होती. गावात त्यावर चेष्टा झाली ती वेगळी.

आपल्याकडे जुन्या बाजारात परवडणारी शिडाची बोट शोधायला गेलं की फिरून फिरून एंटरप्राइजवर येतो. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकारानं १९५६ साली आखलेली ही दोन माणसांची बोट. लांबी ४.०४ मीटर, रुंदी १.६ मीटर, दोन्ही शिडं मिळून सुमारे साडेदहा चौरस मीटर, आणि शिडं निळी. भाऊ अंबाझरीवर हीच शिकलेले. मला यातला एक आकडा नंतर फार उपयोगी पडला: नियमाप्रमाणे रिकाम्या सांगाड्याचं कमीत कमी वजन ९४ किलो. कारखान्यातून निघालेली बोट साधारण याच वजनाची असते. जुनी बोट त्याहून किती जड भरते, यावरून तिच्या पोटात काय चाललंय ते समजतं.

हलकी बोट आणि मोठं शीड ही जोडी आमच्या धरणासाठी बरी. दिवाळीनंतर इथला वारा म्हणजे पान हलेल इतपत. जड बोट त्यात खुंट्याला बांधल्यासारखी उभी राहते.

पुण्यातली तपासणी

बोट पुण्याजवळ एका गृहस्थाकडे शेडमध्ये पडून होती. तीन वर्षं पाण्यात गेली नव्हती. ट्रेलरसकट ८० हजार, नुसती बोट ६२ हजार, म्हणजे ट्रेलरचे १८ हजार. आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा नुकताच झाला होता, त्यामुळे भाऊंच्या खिशात पैसे आणि अंगात घाई, दोन्ही होतं.

आम्ही पाहिलं ते बऱ्यापैकी नीट पाहिलं. मडकं घेताना वाजवतो तसं भाऊंनी रुपयाच्या नाण्यानं सगळं फायबर वाजवलं. टणटण वाजलं तर थर एकजीव आहेत, ढबढब आलं तर आत थर सुटलेत किंवा ओल आहे. तळ छान वाजला. डाव्या बाजूच्या बंद टाकीवर आवाज जरा बसका आला, तो आम्ही ऐकला आणि सोडून दिला. या बोटीला दोन्ही कडांनी हवाबंद टाक्या असतात, उलटली तरी तरंगत राहावी म्हणून. त्यांच्या झाकणाचं रबर मऊ आहे की कडक, हे बोटानं दाबून पाहायला दहा सेकंद लागतात. आम्ही पाहिलं नाही.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा असतात. तार पिळाची असते आणि आतून एकेक धागा तुटत जातो, डोळ्याला दिसत नाही. मी खिशातून कापसाचं बोंड काढलं (आमच्याकडच्या माणसाच्या खिशात ते निघतंच) आणि तारेवरून खालून वर फिरवलं. एका तारेवर तीन ठिकाणी कापूस अडकून राहिला. जिथे कापूस अडकतो तिथे तार गेली असं समजायचं. त्या तारा आम्ही नंतर बदलल्याच. शिडाचं कापड ठीक होतं, पण शिवण नखानं ओढली तर दोरा सुटत होता. उन्हानं आधी दोरा मरतो, कापड मागून. शिवून घेता येतं. सेंटरबोर्ड, म्हणजे मधून खाली सोडायची फळी, वर-खाली मोकळी जात होती. सुकाणूच्या बिजागऱ्या ढिल्या होत्या, वॉशरनं भागलं.

मग ट्रेलर पाहिला. इथे माझं डोकं चाललं. दोन्ही टायर भेगाळलेले, बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी लाल भुकटी, दिव्यांची पट्टी नाही. मुख्य म्हणजे कागद नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. हा कुणीतरी घरी जोडलेला. पुणे ते मोर्शी सहाशेहून जास्त किलोमीटर, बेअरिंग असं, कागद नाहीत. मी भाऊंना बाजूला घेऊन म्हणालो, “हे भंगार आहे. सोडा. बोट ट्रकमध्ये नेऊ.”

सल्ला रस्त्यापुरता बरोबर होता.

संत्रा घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात गेलेला ओळखीचा ट्रक रिकामा परतणार होता. त्यात कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती अंथरली, वर बोट पालथी घातली, डोलकाठी केबिनच्या वरून पुढे काढली आणि टोकाला लाल फडकं बांधलं. भाड्याचा हिस्सा ७ हजार. त्याच ट्रकमध्ये ट्रेलरही आला असता. चाकं काढून, दांडा सोडून, माल म्हणून. रस्त्यावर चालवायचाच नसेल तर त्याच्या कागदाचा आणि बेअरिंगचा प्रश्न कुठे येतो? हे मला सुचलं ते तीन महिन्यांनी, गुडघाभर चिखलात उभं असताना.

पाण्यावर

मधल्या काळातलं थोडक्यात सांगतो. जलसंपदाच्या उपविभागात अर्ज दिला. उत्तर हातात पडेपर्यंत बोट पाण्यात घालायची नाही, हे भाऊंनी स्वतःच ठरवलं होतं आणि पाळलं. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आल्यापासून बिनमोटरीच्या नावेची नोंद स्थानिक पातळीवर करायची तरतूद आहे, म्हणून ग्रामपंचायतीतही कागद देऊन ठेवला. आणि तिसरी भेट, जी मी पहिली धरतो, मच्छीमार संस्थेच्या लोकांची. जाळी त्यांची, पाणी रोजचं त्यांचं. सेंटरबोर्ड जाळ्यात अडकला तर नुकसान दोघांचं. ठरलं असं, की थर्माकोलचे ठोकळे दिसले की फळी वर घ्यायची आणि बाजूनं जायचं. जाळं फाटलं तर भाऊंनी भरून द्यायचं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या भोई काकांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, फळी वर-खाली करून पाहिली आणि विचारलं, “हे वल्ह्याबिगर चालते?” भाऊ म्हणाले, “वारा असला तं चालते.” काका म्हणाले, “मंग वल्हं ठेवजा.” वल्हं ठेवलं. नोव्हेंबरभर ते शिडापेक्षा जास्त वापरलं गेलं.

एक धोका पुण्यात कोणी सांगितला नव्हता. डोलकाठी ॲल्युमिनियमची, वीस फुटांच्या घरात. आणि धरणाच्या काठाला शेतकऱ्यांनी पाणी उचलायला टाकलेल्या विजेच्या लाइनी, खांब कललेले, तारा झोळ पडलेल्या. उभी डोलकाठी घेऊन बोट ढकलत नेली आणि वर पाहायचं राहिलं, तर तिथेच खेळ संपला. म्हणून नियम केला: डोलकाठी पाण्याच्या कडेला जाऊनच उभी करायची, आणि दोघांपैकी एकानं फक्त वर पाहायचं, हात लावायचा नाही. ते काम माझं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम बोट उलटवली. वहिनी काठावर उभ्या, भोई काकांची नाव जवळ, पाणी छातीएवढं. सेंटरबोर्डवर उभं राहून मागे झुकलं की बोट सरळ होते, हे भाऊंच्या अंगात अजून होतं. पण सरळ झालेली बोट डावीकडे कलून बसली. पाणी उपसून काढलं तरी डावी कड चार बोटं खाली. पुण्यात नाण्यानं सांगितलेलं आता पाणी सांगत होतं.

संत्र्याचे कॅरेट मोजायचा वजनकाटा ट्रॅक्टरमध्ये घालून काठावर आणला, त्यावर बाज ठेवली, बाजेवर बोट. बाजेचं वजन वजा जाता १२१ किलो. नियमाचे ९४. म्हणजे २७ किलो कुठून तरी जास्त, आणि बराचसा भाग डावीकडे. टाकीत भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत होता. असा काटा पुण्यातही मिळाला असता. पन्नास रुपयांत कोणीही वापरू दिला असता. बोट घ्यायला जाताना मी आता नाण्याआधी काटा म्हणेन, कारण कान फसतो.

तरी बोट सुरक्षित होती. उजवी टाकी कोरडी, डावीतही फोमपुरती तरंगण्याची ताकद होतीच. हंगाम संपला की टाकी उघडू, असं ठरलं. निर्णय वाईट नव्हता. पण तेव्हा आमच्या डोक्यात हंगाम कॅलेंडरचा होता, पाण्याचा नव्हता.

पाणी निघून गेलं

दिवाळीत धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी थेट गाडीरस्त्याला टेकतं. चार पोरं, चार कोपरे, वीस पावलं, बोट पाण्यात. ट्रेलर कशाला हवा, असं मीच दोनदा बोललो. भोई काका तेव्हाच म्हणाले होते, “भाऊ, हे पानी थांबत नाई. आज जिथं नाव बांधसान, ते जागा संक्रांतीले कोरडी पडन.” आम्ही हसलो.

आमच्या बाजूचा काठ फार सपाट आहे. शंभर मीटर आत चालत गेलात तर जेमतेम एक मीटर खोली. म्हणजे पातळी एक मीटर उतरली की पाणी शंभर मीटर लांब जातं. रब्बीचं पाणी सुटलं, पातळी रोज बोटभर बोटभर उतरत गेली. संक्रांतीला पाण्याची कड जुन्या जागेपासून दीडशे मीटरवर होती. मधे काळ्या मातीचा चिखल, वरून वाळलेला, आत लोण्यासारखा. आणि त्या चिखलाच्या वरच्या अंगाला गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, सुरू झालेली. कुणी टरबूज लावलं, कुणी डांगर. पाण्यानं सोडलेली जमीन कोरडी राहत नाही, तिला लगेच मालक मिळतो.

१२१ किलोची बोट चार माणसं चिखलातून दीडशे मीटर नेऊ शकत नाहीत. आम्ही नेऊन पाहिलं. पाय मांडीपर्यंत जातो, बोट हातातून सुटते, आणि दुसऱ्याच्या टरबुजाच्या वेलावर पडते. मग बागेतले चार इंची पीव्हीसी पाइप आणून त्यावरून लोटली. कडक जमिनीवर झकास, चिखलात पाइपच रुतून बसले.

तेव्हा कळलं की छोट्या बोटीचा ट्रेलर मुळात रस्त्यासाठी नसतोच. निदान आमच्याकडे नाही. आमच्याकडे काठ दर महिन्याला जागा बदलतो, आणि बोटीला त्या काठाच्या मागे मागे जावं लागतं. पुण्यातल्या त्या भंगार सांगाड्यावर बोटीच्या पोटाच्या आकाराचा पाळणा होता, रबर लावलेला, नेमक्या उंचीचा. बेअरिंग गंजलं होतं तर गंजलं. दीडशे मीटर ढकलायला बेअरिंग कितीसं लागतं? मी सांगाड्याला रस्त्यावरचं वाहन म्हणून तपासलं आणि नापास केलं. त्याला चिखलातला हातगाडा म्हणून तपासायला हवं होतं. फिटरचा डोळा.

भाऊंनी पुण्याला फोन केला. ट्रेलर गेला होता, कुणीतरी जनरेटर ठेवायला नेला.

मग गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून गाडा करून घेतला. छोटा हत्तीची दोन जुनी चाकं, कारण रुंद टायर चिखलावर राहतो, अरुंद कापत जातो. हवाही अर्धीच ठेवायची. जुना अक्सल, अँगलचा सांगाडा. सगळं मिळून साडेअकरा हजार. मजबूत झाला, मी उभा राहून करून घेतला. आणि इथे दुसरी चूक, तीही माझीच: बोटीचं पोट गोलसर, माझा अँगल सपाट. पहिल्याच खेपेला सगळा भार दोन रेषांवर आला, गाडा एका ढेकळावर आपटला आणि तळाला हातभर तडा गेला. दुरुस्तीला रेझिन, कापड आणि कारागीर धरून सहा हजार. त्यानंतर मी सायकलच्या जुन्या ट्यूबा आणि गोणपाट घेऊन, बोटीच्या पोटावर पुठ्ठा धरून, आकार काढून, लाकडाचे दोन पाळणे तासून बसवले. ते आधीच केलं असतं तर सहा हजार वाचले असते.

साडेअकरा आणि सहा, साडेसतरा हजार. ट्रेलर १८ हजारांचा होता. “सर, पाचशे रुपये वाचले,” भाऊ अजून चारचौघांत सांगतात. वाचलेल्या पाचशेत जानेवारी-फेब्रुवारी बुडाले, ते ते सांगत नाहीत.

गाळपेरीवाल्यांशी बोलणं मात्र सोपं निघालं. दोन वाफ्यांच्या मधला धुरा गाड्याच्या रुंदीएवढा सोडायचा आणि बदल्यात टरबुजाच्या वेळी भाऊंच्या ट्रॅक्टरनं त्यांचा माल रस्त्यावर आणून द्यायचा. मार्चमध्ये पाणी आणखी खाली गेलं, जुन्या पडक्या भिंती आणि झाडांचे खोड वर आले. भाऊंनी त्यांच्या जागा वहीत टिपून घेतल्या, पुढच्या दिवाळीत ते सगळं पुन्हा पाण्याखाली जाणार म्हणून. फळी खाली सोडली की सुमारे मीटरभर पाणी लागतं, उचलली की वीतभर, त्यामुळे ही वही कामाची आहे.

मार्च-एप्रिलच्या दुपारी वारा खरा मिळाला, पण तो गरम, आणि संध्याकाळी ढग दाटले की अवकाळीची धास्ती. पश्चिमेला काळं दिसलं की शीड खाली, प्रश्न नाही. तरी त्या सहा-सात दुपारींत बोट जी पळाली, ती पाहायला भोई काका नाव थांबवून उभे राहिले. मी काठावर वर पाहत होतो, तारांकडे, त्यामुळे मला अर्धीच दिसली.

मे महिना

बोट घरी आली, संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये. वहिनींची अट गाड्यामुळे आता खऱ्या अर्थानं पाळली जाते. डाव्या टाकीला तळहाताएवढी खिडकी कापली. आतला फोम भिजलेल्या पावासारखा, हातानं पिळला तर पाणी. झाकणाचं रबर दगड झालेलं. पुण्यात बोटानं दाबून पाहिलं असतं तर कळलं असतं, हे पुन्हा लिहीत नाही.

फोम उकरून काढला. त्याच्या जागी लग्नसराईत गोळा केलेल्या कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून, एकमेकींना चिकटपट्टीनं बांधून भरल्या. ३५ बसल्या. लिटरभर कोंडलेली हवा साधारण किलोभर वजन तोलून धरते, म्हणजे या बाजूला ७० किलोच्या आसपास झालं, आणि एखादी बाटली फुटली तरी बाकीच्या शाबूत. खिडकी बंद करायच्या आधी बोट पंधरा दिवस तशीच उघडी ठेवली. बाहेर ४५ अंश, शेडमध्ये पंखा. ओली बोट वाळवायला वऱ्हाडातल्या मे महिन्यासारखी जागा नाही. फक्त थेट ऊन लागू द्यायचं नाही.

मग पुन्हा तोच काटा, तीच बाज. १०३ किलो. तड्याच्या दुरुस्तीचं रेझिन एक-दीड किलो धरा. उरलेले साडेसात किलो अजून बोटीत कुठेतरी आहेत. भाऊ रोज सकाळी नाणं घेऊन वाजवत बसतात, आणि मी उजव्या टाकीचं झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर शोधतो आहे.